बोटावरचा चिमटा
(मंडळाच्या यंदाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला माझे काम दरवर्षी मांडवाच्या मागे, पातेल्यापाशी असते. मसालेभाताविषयी आजवर कोणाची तक्रार आली नाही, म्हणून मी तिथेच सुखी होते. यंदा चिटणीसबाईंनी मला तिथून उठवून इथे उभे केले. म्हणाल्या, "तुम्ही त्या ऑक्सिमीटरच्या चिमट्याविषयी भिशीच्या दिवशी जे सांगितलंत, तेच सगळ्यांना सांगा." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. शास्त्राचं भाषण मी काय करणार?" तर त्या म्हणाल्या, "शास्त्राचं नको, तुमच्या वहीचं करा."

ती ही वही. दोनशे पानी, वरचे पुठ्ठे गेलेले. पहिली काही पाने दुधाच्या हिशेबाची आहेत आणि मध्येच मे २०२१ पासून माणसांचे आकडे सुरू होतात. त्या महिन्यात इचलकरंजीत आपल्या गल्लीची काय दशा होती ती तुम्हाला मी सांगावयास नको. आमच्या घरात तिघे अंथरुणावर होते, सासूबाई, धाकटे भाऊजी आणि चार दिवस मी स्वतः. इस्पितळात खाट मिळत नव्हती. डॉक्टरांनी फोनवरून औषधे सांगितली आणि बजावले, "दिवसातून चार वेळा ऑक्सिजन बघा, लिहून ठेवा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की कळवा." त्यापूर्वीच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२० साली, सरकारच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार तो चिमटा घेऊन आल्या होत्या, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला होता. आता तो घरात विकत आणावा लागला. एरवी हजाराच्या आत मिळणारी वस्तू आमच्या ह्यांनी दोन हजार चारशेला आणली, तीही चिठ्ठीचपाटी न करता. पुढे जुलै २०२१ मध्ये सरकारने ह्या वस्तूंवरच्या नफ्याला मर्यादा घातली. आमचा घेऊन झाल्यावर!

आकडे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात माझे अक्षर बरे आहे. आणि खरे सांगते, मला त्या कामाचा थोडा अभिमानही वाटला. डॉक्टर रोज संध्याकाळी फोन करीत आणि मी वही उघडून धडाधड आकडे वाचून दाखवी. सातवी शिकलेल्या बाईच्या शब्दावर डॉक्टर औषध ठरवतात, हे काही लहानसहान नव्हे.

पहिला धडा सासूबाईंनी दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बोटाला चिमटा लावला तो आकडा आला ८२. माझे हातपाय गळाले. ह्यांनी रिक्षा आणावयास धाव घेतली, मी पिशवीत लुगडी भरू लागले. आणि सासूबाई? त्या आपल्या गादीवर बसून विचारीत होत्या, "अगं, रिक्षा कशाला? मला आधी चहा दे." ८२ आकड्याची बाई चहा मागते, हे मला त्या घाईतही चमत्कारिक वाटले. त्यांचा हात हातात घेतला, तर बर्फ! नुकतीच त्यांना हुडहुडी भरून आली होती आणि ताप चढत होता. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत चोळला, पांघरुणात धरला, पाच मिनिटांनी दुसऱ्या बोटाला चिमटा लावला. ९६! रिक्षावाल्याला दहा रुपये देऊन परत पाठवला आणि सासूबाईंना चहा दिला.

असे का झाले, ते मला पुढे माझ्या थोरल्या मुलीने समजावले. ती तेव्हा परिचारिकेचा अभ्यासक्रम करीत होती, आता नोकरीत आहे. तिने सांगितलेले मी माझ्या शब्दांत सांगते.

आपण लहानपणी अंधारात बॅटरीवर तळहात धरत होतो, आठवते? बोटे कशी लालभडक दिसत! हा चिमटा तेच करतो. त्याच्या वरच्या ओठात दोन दिवे असतात. एक लाल आणि दुसरा असा, की त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. खालच्या ओठात एक डोळा असतो. तो, बोटातून आरपार किती उजेड आला ते बघतो. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडेलाल असते, ते लाल उजेड पुष्कळसा जाऊ देते. प्राणवायू कमी झालेले रक्त काळपट असते, ते लाल उजेड गिळते. न दिसणाऱ्या उजेडाचे नेमके उलटे. ह्या दोहोंच्या प्रमाणावरून यंत्र हिशेब मांडते, की तुमच्या रक्तातल्या शंभर टोपल्यांपैकी किती टोपल्या प्राणवायूने भरलेल्या आहेत.

पण बोटात नुसते रक्त थोडेच असते? कातडी आहे, मांस आहे, हाड आहे, नख आहे. ही सगळी उजेड अडवतात. मग रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढावयाचा? ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या एका जपानी इंजिनियराला १९७४ साली सापडली. ते वेगळ्याच खटपटीत होते. हृदय किती रक्त ढकलते हे कानाच्या पाळीतून उजेड सोडून मोजू पाहत होते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांची रेघ सारखी थरथरे. ती थरथर घालवण्याच्या नादात त्यांच्या ध्यानात आले, की अरे, जे थरथरते तेच तर धमनीतले ताजे रक्त! बाकीचे सगळे स्थिर आहे, ते वजा केले की झाले. ज्या गोष्टीचा त्रास होत होता तीच कामाला आली. पूर्वी बहुधा धमनीत सुई घालून रक्त काढल्याखेरीज नेमके कळत नसे, ते ह्या गृहस्थामुळे बोट न टोचता कळू लागले. हे आओयागी एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सारे जग त्यांचा चिमटा विकत घेऊ लागले होते त्याच सुमारास, ८४ व्या वर्षी वारले.

तेव्हा आता सासूबाईंचे कोडे उलगडते. बोटे गार पडली की तिथल्या शिरा आवळतात. ठोक्याबरोबर येणारे रक्त इतके थोडे होते की यंत्राला थरथर नीट सापडत नाही आणि ते चाचपडत भलताच आकडा सांगते. हात हलला तरी तेच, कारण यंत्राला हाताची थरथर आणि नाडीची थरथर ह्यांतला फरक कळत नाही. नखाला गडद रंग असला तरी घोटाळा होतो. मेंदीविषयी तुम्ही विचारालच. आपल्या नेहमीच्या लाल मेंदीने फारसे बिघडत नाही, पण ती बाजारची काळीकुट्ट मेंदी बोटाच्या टोकापर्यंत चढवलेली असली तर उजेड पलीकडे जात नाही. वर भर दुपारचे ऊन किंवा झगझगीत दिवा चिमट्यावर पडू देऊ नये.

आणखी एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. चिमट्यावर दोन आकडे येतात, एक प्राणवायूचा आणि एक नाडीच्या ठोक्यांचा. मागच्या बोळातल्या एका घरी चार दिवस नाडीचा आकडा प्राणवायूचा म्हणून लिहीत होते. आणि दुसऱ्या एका ठिकाणी आजोबांचा आकडा रोज छान येत असे, अठ्ठ्याण्णव. मुलगा समोर बसून बघत असे. आता इंग्रजीतले आठ-सहा कागदावर लिहा आणि कागद उलटा धरा. नऊ-आठ दिसते की नाही? तो मुलगा छ्याऐंशीला अठ्ठ्याण्णव म्हणत होता! त्यांच्या सुनेने शेजारी बसून वाचले तेव्हा उलगडा झाला आणि म्हातारबाबा वेळेवर पोचले. म्हणून आकडा वाचताना रुग्णाच्या समोर नव्हे, त्याच्या शेजारी, तो बसला आहे त्याच दिशेला तोंड करून बसावे.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. माझी धाकटी जाऊ पुढच्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे.

भाऊजी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे, मागावर रात्रपाळी करणारे, अंगाने काटक. वर्णाने सावळे म्हणावयाचे तर लाजेखातर म्हणावयाचे. चांगले काळे आहेत आणि त्यावरून सासूबाईंपासून आम्ही सगळ्यांनी त्यांची थट्टा केलेली आहे. त्यांचा आकडा पहिल्यापासून बरा होता. वहीत पाहा, ९६, ९५, ९५, ९६. आठव्या दिवशी, सोमवारी रात्री धाकटी माझ्याकडे आली नि दाराबाहेरून म्हणाली, "अक्का, ह्यांचा श्वास बघता का जरा? भात्यागत चाललाय." मी गेले, चिमटा लावला. ९५. मी म्हटले, "अगं पंचाण्णव आहे. डॉक्टरांनी चौऱ्याण्णव सांगितलंय. उगाच घाबरू नकोस, झोप." मंगळवारी सकाळी ९४. दुपारी ९५. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी," आणि थांबले. मग म्हणाले, "पाणी," आणि पुन्हा थांबले. एका दमात दोन शब्द त्यांना जुळवता येत नव्हते. मी पाणी दिले आणि वहीत ९५ लिहिले. त्या वेळी सगळीकडे सांगत होते, की रुग्णाला घरातल्या घरात सहा मिनिटे चालवावे आणि मग पुन्हा आकडा बघावा. खाली गेला तर आत काहीतरी बिघडले आहे. मी ते ऐकले होते. पण मला वाटले, दमलेल्या माणसाला आणखी कशाला दमवा? धाकटी संध्याकाळी पुन्हा आली. मी तिला वही उघडून दाखवली. वही, बरे का! तिचा नवरा समोर धापा टाकतो आहे आणि मी तिला वही दाखवते आहे.

बुधवारी सकाळी समोरच्या सिस्टरबाई, त्या निवृत्त आहेत, आमच्या उंबऱ्याबाहेर तोंडाला फडके बांधून उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ चिमटा नव्हता. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि भाऊजींच्या सदऱ्याकडे पूर्ण एक मिनिट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौतीस. आत्ताच्या आत्ता न्या." मी म्हटले, "बाई, पण पंचाण्णव..." त्या म्हणाल्या, "पंचाण्णव राहू दे तुझ्याजवळ. माणूस ने."

दोन इस्पितळे फिरून तिसऱ्यात खाट मिळाली. तिथल्या चिमट्यावर ९३ आले. मग डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासले. त्याला ती मंडळी एबीजी म्हणतात आणि खरा आकडा तो. तो होता ८७. भाऊजी सोळा दिवस प्राणवायूवर होते. देवाच्या कृपेने घरी आले. पण मागाच्या खोलीतली कापसाची धूळ त्यांना आता सोसत नाही. तुम्ही सगळ्या जाणता, ते आता चौकातल्या दुकानी गल्ल्यावर बसतात आणि पहिल्याच्या निम्मे मिळवतात.

तो दीड दिवस आधी गेलो असतो तर फरक पडला असता का? मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." धाकटीने मला कधी विचारले नाही. पुष्कळ दिवस तिने मला काहीच विचारले नाही, मीठ किती घालू एवढेसुद्धा नाही.

आमचा चिमटा खोटा होता का? मलाही तेच वाटले. मुलीने तो तिच्या वसतिगृहात नेला, इस्पितळातल्या चिमट्याशेजारी पाच जणींच्या बोटांना लावून पाहिला. एका-दोहोंचा फरक, अधिक नाही. चिमटा चिमट्यासारखाच होता. मग मुलीने शोधून वाचून काढले, ते ऐका.

खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते, दोन टक्के कमी-अधिक. आपण समजतो, ९५ म्हणजे फार तर ९३ नाहीतर ९७. पण त्या दोनाचा अर्थ वेगळाच आहे. तीनपैकी साधारण दोन वेळा आकडा त्या दोनाच्या आत असेल, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर जाईल, असा तो वायदा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतःच लोकांना समजावले, की चिमटा ९० दाखवीत असेल तर खरा आकडा ८६ ते ९४ ह्यांत कुठेही असू शकतो. वाण्याने पाव किलो कमी-अधिक होईल असे सांगून किलोभर साखर दिली तर आपण घेऊ का? आणि इथे डॉक्टरांची रेघ चौऱ्याण्णववर, आणि मी ९५ पाहून झोपा म्हणून सांगते आहे!

दुसरी गोष्ट कातडीची. मघाशी मी म्हटले, कातडी स्थिर म्हणून वजा होते. शास्त्राप्रमाणे व्हावयास हवी, पण पुरती होत नाही. काळ्या कातडीतले रंगद्रव्य उजेड गिळते, हिशेब चुकतो, आणि चुकतो तो बहुधा वरच्या बाजूला. म्हणजे प्राणवायू आहे त्यापेक्षा अधिक दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हे मांडले. चिमट्यावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ हूनही कमी निघाले, असे गोऱ्या रुग्णांत शंभरांत सुमारे चार वेळा झाले आणि काळ्या रुग्णांत सुमारे बारा वेळा. तिप्पट! पुढे २०२२ साली करोनाच्या रुग्णांचे पाहिले, तेव्हा आशियाई वंशाच्या रुग्णांतही चिमटा अधिक दाखवतो असे आढळले. आणि ही काही नवी बातमी नव्हती. १९९० सालीच अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवले होते, की काळ्या रुग्णांच्या बाबतीत चिमट्याच्या आकड्यावर तितकासा विसंबू नये. तीस वर्षे ते कपाटात राहिले.

असे का राहिले? यंत्राला आकडा शिकवावा लागतो. निरोगी माणसांना मुद्दाम कमी प्राणवायूची हवा देतात, त्यांच्या धमनीतले रक्त तपासतात आणि त्या वेळी उजेडाचे प्रमाण काय होते ते टिपतात. त्या टिपणावरून यंत्र पुढे सगळ्या जगाचा आकडा सांगते. सत्तरच्या खाली कोणाला नेणे धोक्याचे, म्हणून तिथून खालचे आकडे तर नुसते अंदाजाने ओढलेले. आणि किती माणसे लागत, माहीत आहे? अमेरिकेचा जुना नियम होता, दहा. त्या दहांत गडद कातडीची दोन असली की पुरे. दहांत दोन! आमच्या एका चाळीत गडद कातडीची माणसे मोजावयास बसले तर संध्याकाळ होईल. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात दीडशे माणसे आणि निरनिराळे वर्ण घ्यावेत असे म्हटले आहे.

हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा मी भाऊजींची थट्टा आठवून गप्प बसले. त्यांच्या बाबतीत खरेच कातडीमुळे फरक पडला, की आणखी कशामुळे, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. एका माणसावरून तसे सांगताही येत नाही, असे मुलगी म्हणाली. पण काळ्या माणसाच्या बोटावर ९५ दिसले आणि तो धापा टाकीत असला, तर मी आता त्या ९५ ला विचारणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग चिमटा फेकून द्यावा का? मुळीच नाही. गल्लीतल्या दोघातिघांचा जीव त्यानेच वाचला. काही माणसांचा प्राणवायू खाली जातो आणि त्यांना धाप लागत नाही, हसतखेळत बसलेली असतात. त्यांचे चिमट्यावाचून कळलेच नसते. मी वही अजून लिहिते, आता सासूबाईंना दमा आहे म्हणून. पण लिहिण्याची रीत बदलली आहे. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसवते. हात ऊबदार आहेत का पाहते. हात टेबलावर किंवा मांडीवर निवांत, बोलावयाचे नाही. चिमटा लावल्यावर पहिला आकडा धरत नाही. तो खालीवर नाचत असतो, तो एके ठिकाणी ठरेपर्यंत मिनिटभर थांबते. नेहमी तेच बोट, शक्य तर त्याच वेळी. आणि मुख्य म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा बरे असतानाचा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. माझा ९८, ह्यांचा ९७, सासूबाईंचा ९५. चिमटा दोन-तीन अंकांनी चुकत असला, तरी एकाच माणसाला तोच चिमटा रोज लावला तर खाली चालला आहे की वर, हे त्यातल्या त्यात बरे कळते. ९८ चा माणूस ९४ वर आला, तर ९४ ला घाबरावे असे नाही, पण त्या चार पायऱ्यांकडे बघावे.

आणि आकड्याशेजारी मी दुसरे एक घर आखले आहे, श्वासाचे. मोठ्या माणसाचे श्वास एका मिनिटाला साधारण बारा ते वीस. चोवीसच्या वर गेले की डॉक्टरांना कळवावे आणि तिसाच्या वर गेले की वाट पाहू नये. त्याला यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. मात्र, "तुझे श्वास मोजते" असे सांगून मोजू नयेत. सांगितले की माणूस श्वास सांभाळून घेऊ लागतो. नाडी पाहते आहे असे दाखवावे आणि छातीकडे पाहावे. आम्ही बायका ह्यात पटाईत असावयास हव्यात, दुसरीकडे पाहून तिसरे बघण्यात आमचा हातखंडा! ओठ निळसर पडले, माणूस असंबद्ध बोलू लागला, वाक्य पुरे होईना, तर चिमट्यावर काहीही असो.

दोन गोष्टी आपल्या बायकांच्या म्हणून सांगते. चिमटा टोपल्या भरलेल्या आहेत का ते सांगतो, टोपल्या किती आहेत ते सांगत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या टोपल्याच थोड्या, पण असतील त्या भरलेल्या, म्हणून आकडा ९९! आणि तिला जिना चढवत नाही. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न बायका अशा निघाल्या. तेव्हा "आकडा चांगला आहे, तुझं नाटक आहे" असे कोणी सुनेला म्हणेल तर तिला रक्ततपासणीला पाठवा. दुसरी गोष्ट धुराची. बंद खोलीत शेगडी किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा बंब चालू राहिला, तर जो विषारी वायू होतो तो रक्ताच्या टोपल्या अडवून बसतो. चिमट्याला तो वायू आणि प्राणवायू सारखेच दिसतात. माणूस बेशुद्ध आणि चिमट्यावर ९८! तिथे चिमटा शोधत बसू नये, दारेखिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्यावर आणावे आणि तडक इस्पितळ गाठावे.

परवा भाषणाची तयारी म्हणून ही वही उघडून बसले होते. धाकटी भाजी निवडीत होती. ती उठून आली, माझ्या हातातून वही घेतली आणि ते मंगळवारचे पान काढले. म्हणाली, "अक्का, हे वाचून दाखवा त्या दिवशी. पंचाण्णवच्या पुढं मी त्या रात्री मनात काय मोजलं होतं तेही सांगा." मी विचारले, "काय मोजलं होतंस?" म्हणाली, "श्वास. बत्तीस. पण ते तुमच्या वहीत कुठं लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं." ते मी आता तिच्याच अक्षरात त्या पानावर लिहून घेतले आहे.

असो. भात खाली लागेल म्हणून माझे अर्धे लक्ष तिकडे आहे. टेबलावर मंडळाचे दोन चिमटे ठेवले आहेत, मुलीने ते तपासून आणले आहेत. पानं मांडेपर्यंत पाच-पाच जणींनी यावे. चिमटा एकीने लावावा आणि तिच्या नकळत श्वास दुसरीने मोजावेत. घड्याळ धाकटी धरील. येताना हात चोळून या. आणि त्या पलीकडच्या रांगेतल्या सूनबाई, तुमच्या नखांचा रंग फार सुरेख आहे, पण एका बोटाचा तेवढा पुसून या.